गद्यात दिलेलं उत्तर

कोस्मास आता वाद घालत नाही. गेला आठवडाभर हे एवढंच माझ्या डोक्यात घोळतंय.

माझ्या धाकट्या मुलाला ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना यात काळजी करण्यासारखं काही वाटणार नाही. उलट, सुटलीस बाई, असंच म्हणतील. पण मी त्याची आई आहे. बोलायला लागल्यापासून या पोरानं माझं एकही वाक्य सरळ पुढे जाऊ दिलेलं नाही. ईस्टरच्या रविवारी मी त्याला योआनिनाला, त्याच्या विद्यापीठाच्या शहरात, फोन केला. म्हटलं, "बोकड भरलंय, पण आतला भात चिकट झाला बघ. तू असतास तर म्हणाला असतास, तांदूळ धुवायलाच नको होते."

"हं."

"म्हणजे धुवायला हवे होते का नको?"

"तुझंच बरोबर असेल, आई."

मला ते बरं वाटलं नाही. मी मुद्दाम डिवचलं. "देव आहे की नाही हे तुम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचं अजून ठरायचंय म्हणे. आमचे फादर म्हणतात, कधीच ठरलंय."

एरवी या वाक्यावर तासभर फोन चालला असता. तो म्हणाला, "ठरलं असेल."

मग जसं काही हवामान सांगावं तसं त्यानं सांगितलं, की सुट्टीनंतरच्या सोमवारी तो आपल्या सरांना भेटणार आहे. प्रबंध सोडतोय. एका हॉटेलात रात्रपाळीला माणूस हवाय, तिथं बोलणं झालंय.

"आवडेल का रे तुला ते?"

"आवडेल."

तो सोमवार आता तीन दिवसांवर आला आहे.

कोस्मासबद्दल पहिल्यापासून सांगते, म्हणजे माझं घाबरणं वेडेपणाचं आहे की नाही हे मलाही कळेल.

आमच्या बेटावर थोरल्या मुलाला सासऱ्यांचं नाव ठेवतात आणि धाकट्याला माहेरच्या आजोबांचं. त्यामुळे माझा थोरला वासिलिस झाला आणि धाकटा झाला कोस्मास, माझ्या वडिलांच्या नावाचा. बाबा बूट शिवायचे. आमच्याकडच्या बायका शेतात घालतात ते गुडघ्यापर्यंतचे चामड्याचे बूट. शाळा सुटली की कोस्मास त्यांच्या दुकानात जाऊन बसायचा. मी औषधांच्या दुकानात असायची, नवरा जहाजावर. रस्त्यातून कुणी "कोस्मा!" म्हणून हाक मारली की दुकानाच्या दारातून दोन डोकी बाहेर यायची, एक पांढरं, एक काळं. लोक मुद्दाम हाक मारायचे, तेवढंच बघायला.

तिथंच तो गायला शिकला. गायला म्हणजे आमचं जे काही गाणं असतं ते. आमच्या गावात माणसं टेबलाभोवती बसतात, मांडीवर धरून गजानं वाजवायची लीरा चालू असते, आणि ज्याला काही म्हणायचं असेल तो तिथल्या तिथं दोन ओळी रचून म्हणतो. लग्न असो, बाप्तिस्मा असो, कुणी परदेशी निघालेलं असो. मांतिनाडा म्हणतात त्याला. ओळीत पंधरा अक्षरं, शेवटी यमक. बाबांनी नातवाला ते टाके घालता घालता शिकवलं. "आठ टाके, श्वास घे. सात टाके, गाठ मार. सोळावा टाका पडला की बूट चावतो." सहा वर्षांचा कोस्मास बोटांवर अक्षरं मोजायचा आणि विचारायचा, "पण आजोबा, मला म्हणायचं ते सतरा अक्षरांचं असेल तर?"

"मग ते अजून तुला कळलेलं नाही."

"कळलंय मला. ते लांब आहे."

"अरे गाढवा, चामडं तेवढंच आहे!"

टेबलाचे काही नियम आहेत. तिथं यमकात म्हटलेल्या गोष्टीचा राग धरायचा नाही. जावयाला सासऱ्याबद्दल, भावाला भावाबद्दल जे ओट्यावर उभं राहून बोलता येत नाही, ते तिथं बोलता येतं. पण ज्याचं नाव घेतलं त्यानं उत्तर द्यायचं, आणि यमकातच द्यायचं. उत्तर आलं नाही तर ती ओळ गाणाऱ्याच्या गळ्यात अडकते, असं आमच्यात मानतात. ती सुटेपर्यंत तो माणूस दुसरं काही गात नाही. आणि म्हटलेली ओळ फोडून सांगायची नाही. ज्याला समजली त्याला समजली.

कोस्मास पंधरा वर्षांचा असताना वरच्या वाडीतल्या एकाच्या शेळ्या नाहीशा झाल्या. कुणीतरी टेबलावर दोन ओळी जुळवल्या. लाम्ब्रोस नावाच्या गरीब मेंढपाळाचं आडनाव 'सुरी' या शब्दाशी छान जुळत होतं, तेवढ्यावर. पुढच्या आठवड्यात शेळ्या घळीत सापडल्या, आपल्या आपण गेलेल्या. पण ओळ काही मागे फिरली नाही. लाम्ब्रोस दुकानात आला की पोरं ती गुणगुणायची.

कोस्मासनं आजोबांना विचारलं, "शेळ्या सापडल्या ना? मग लोक अजून तेच का म्हणतायत?"

बाबा दोऱ्याला मेण लावत होते. म्हणाले, "काय करणार? छान बसली होती रे ती ओळ."

त्या दिवसापासून कोस्मास टेबलावर गायला नाही. बसायचा, ऐकायचा, पण गायचा नाही. मला वाटतं, त्याचं तत्त्वज्ञान तिथंच सुरू झालं, विद्यापीठ नंतर आलं.

बाकी प्रश्न तर होतेच. माझी थोरली बहीण बाल्टिमोरला असते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मुलांची पेगी मावशी. तिच्याकडून नाताळला शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या यायच्या. कोस्मास विचारायचा, "पेगी मावशी कधीच का येत नाही?"

"विमानानं सुद्धा लांब पडतं, बाळा."

"बरणीला लांब पडत नाही?"

मी विषय बदलायची. ती का येत नाही हे मलाही धड माहीत नव्हतं. बाबांनी तिच्या लग्नात काहीतरी म्हटलं होतं आणि ती रागावून गेली, एवढंच. मी तेव्हा लहान होते, आणि आईनं मरेपर्यंत तो विषय काढू दिला नाही.

कोस्मास योआनिनाला गेला, पदवी झाली, पुढचं शिक्षण झालं, मग प्रबंध. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात घरी आला असताना स्वयंपाकघरात माझ्यासमोर शेंगा सोलत बसला होता. बाबाही होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात, मागच्या खोलीत. मी विचारलं, "तुझा विषय एकदा मला समजेल असा सांग. दुकानात बायका विचारतात आणि मी 'काहीतरी जुनं' म्हणते."

तो म्हणाला, "जुनंच आहे. आपल्याकडचे ते अगदी पहिले विचार करणारे लोक, आई. देवांच्या गोष्टी सांगणारे कवी खोटं सांगतात, असं म्हणत काही जण त्यांच्यावर तुटून पडले. पण त्यातल्या कित्येकांनी ते सांगितलं कशात? त्याच कवींच्या छंदात. एकानं तर जग कशाचं आहे याचा अख्खा तर्क पद्यात मांडला, आणि वर म्हणतो, हे मला देवीनं सांगितलं. का?"

"पाठ राहावं म्हणून," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात. मला नाही पटत. मला वाटतं, तेव्हा खरं बोलायची एकच खुर्ची होती आणि ती कवींची होती. गद्यात बोललं ते नुसतं बोलणं. त्यामुळे यांना त्याच खुर्चीवर बसावं लागलं. बसले, आणि बसून म्हणाले, या खुर्चीवर विश्वास ठेवू नका."

बाबा शेंगेचं साल बाजूला ठेवत म्हणाले, "मग उभं राहून बोलायचं की. कुणी बांधून ठेवलं होतं?"

"काही जण बोलले ना आजोबा उभं राहून. त्यांचंच गद्य. लोकांना ते कोड्यासारखं वाटलं."

"बघ. म्हणजे खुर्ची बरी होती."

"खुर्ची चांगली आहे म्हणून बसणारा खरा ठरत नाही!"

"आणि उभा राहिलेला ठरतो वाटतं?"

दोघं असे तासन् तास. मी शेंगा घेऊन निघून गेले. जाताना कोस्मासचं ऐकू येत होतं, की आमच्या भाषेत सत्य या शब्दाच्या पोटातच विसर बसलेला आहे, सत्य म्हणजे जे विसरलं गेलं नाही ते. कवींना तेवढं पुरत होतं, असं तो म्हणत होता. नंतरच्यांनी विचारायला सुरुवात केली, लक्षात आहे ते ठीक, पण ते तसं आहे कशावरून? बाबा म्हणाले, "कशावरून, कशावरून! तुझ्या आईला विचार, तू जन्मलास कशावरून." आणि दोघं हसत सुटले.

तेवढं हसू मी नंतर ऐकलेलं नाही.

गेल्या ऑगस्टात वासिलिसच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. आमच्या घरात या पिढीतली पहिलीच मुलगी. चर्चमधून आल्यावर अंगणात टेबलं लावली, कांदा परतून घातलेल्या माकारूनेसची, म्हणजे घरच्या जाड शेवयांची, पातेली फिरली, वाइन आली, आणि लीरा घेऊन आमचा शेजारी अन्तोनिस बसला. पुरुष टेबलाला, आम्ही बायका भिंतीलगतच्या बाकांवर. बाळ माझ्या मांडीवर होतं. पहिल्या ओळी बाबांनी बाळाला दिल्या. थोरल्या मुलीला आमच्याकडे घर जातं, म्हणून तिच्या किल्ल्यांबद्दल काहीतरी गमतीचं म्हटलं. सगळे हसले. मग बाकीच्यांनी म्हटलं, वासिलिसनं रडत रडत म्हटलं, त्याच्या सासऱ्यांनी म्हटलं.

बाबा बराच वेळ पेल्यात बघत होते. मधेच बाळाकडे बघायचे. मग त्यांनी अन्तोनिसला खूण केली, चाल संथ कर. ती चाल आम्ही गेलेल्यांसाठी आणि परदेशी असलेल्यांसाठी ठेवलेली आहे. त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं,

कोस्मा, शब्दांच्या मधानं गोड केलीस वाणी,
दारी झरा आटवून कुठं शोधिशी पाणी?

सगळ्या माना माझ्या कोस्मासकडे वळल्या. माझीही वळली. वळणारच ना. घर सोडून गेलेला, शब्दांवर पोट भरायला निघालेला, टेबलावर न गाणारा तोच होता. अन्तोनिसनं सूर धरून ठेवला आणि हनुवटीनं त्याला खुणावलं, "चल रे पंडिता, घे."

कोस्मास उभा राहिला. टेबलावर कुणी उभं राहत नाही.

"आजोबा," तो म्हणाला, साध्या बोलण्यात, "हा आरोप आहे. यमक जुळलं म्हणून आरोप सिद्ध होत नाही. कुठला झरा? केव्हा आटवला? कसा? तुम्ही सांगा, मी ऐकतो. मी यमकात उत्तर देणार नाही. यमकात मी काहीही जुळवीन आणि हे सगळे मान डोलावतील, खरं असो की खोटं."

लीरा थांबली. बाबांनी डोळे उघडले. झोपेतून कुणी हलवून उठवावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. कानामागे खोवलेली तुळशीची काडी त्यांनी काढली, ताटाशेजारी ठेवली आणि आत निघून गेले.

"गद्यात उत्तर दिलं रे पोरानं!" अन्तोनिस म्हणाला. त्याला ते हसण्यावारी न्यायचं होतं बिचाऱ्याला. पण ते वाक्य गावभर झालं. अजून दुकानात कुणी औषध उधार मागायला येतं तेव्हा म्हणतं, "हिशोब यमकात देऊ का गद्यात, रिनी?"

दुसऱ्या दिवशी कोस्मास बोटीनं गेला. धक्क्यावर बॅग पायाशी ठेवून म्हणाला, "आई, एक सांग. आजोबा म्हणाले ते खरंच असेल तर?"

"अरे, तूच म्हणालास ना, यमकानं काही सिद्ध होत नाही म्हणून?"

"हो. नाही होत."

पण मला दिसत होतं. यमकानं काही सिद्ध होत नाही असं सगळ्यांसमोर सांगणारं माझं पोर त्या दोन ओळींनी गुन्हा शाबीत झाल्यासारखं बोटीवर चढलं. हिवाळ्यात एकदा म्हणाला, लिहायला बसलो की ती चाल येते, आई. वाक्य कुठलंही सुरू केलं तरी शेवटी 'पाणी' येतं. मी झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारलं, माझा धंदाच तो. तो म्हणाला, गोळीनं जाईल असं नाही ते. नाताळला आला नाही. ईस्टरला आला नाही. आणि इकडे बाबा गायचे थांबले. तीन लग्नं झाली, एक मयत झाली, ते येतात, बसतात, पेला पुढे सरकवतात. गाव म्हणतं, नातवानं म्हाताऱ्याच्या गळ्यात ओळ अडकवली. तो येऊन यमकात उत्तर देईपर्यंत सुटायची नाही. मीही तेच धरून चालले होते. मनात म्हणायची, एकदा ये रे पोरा, दोन वेड्यावाकड्या ओळी म्हण आणि मोकळं कर आजोबांना. फोनवर एकदा बोललेही. तो म्हणाला, "बरं." आणि आला नाही.

आज ईस्टरनंतरचा शुक्रवार. खाली घळीत मरियामातेचं देऊळ आहे, झऱ्यावर बांधलेलं, तिथं आज उत्सव असतो. बाबा कितीतरी वर्षांत तिकडे फिरकलेले नाहीत. आज सकाळी बूट घालून दारात उभे. "मला खाली ने."

"बाबा, गुडघे दुखतील. मी पाणी आणते ना तुमच्यासाठी."

"नेतेस का जाऊ एकटा?"

त्यांना धरून धरून नेलं. प्रार्थना झाली, फादरनी पाणी शिंपडलं, लोक वर जेवायला गेले. बाबा पाण्याकाठच्या दगडावर बसून राहिले.

"रिनी, बाटली दे."

"घरी आहेत की बाटल्या, गेल्या वर्षीच्या. मीच आणलेल्या."

"त्या पाण्याच्या आहेत. मला झऱ्याचं हवंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. बाप्तिस्म्याच्या त्या ओळी सोडल्या तर बाबा झरा हा शब्द उच्चारत नाहीत. कधी लक्षात ठेवून पाहिलं नव्हतं, पण ते नेहमी 'खालचं पाणी' म्हणतात. कोस्मास लहानपणी त्यावरून भांडायचा, झरा म्हणा ना आजोबा, पाणी तर नळालाही असतं. ते म्हणायचे, कळलं ना तुला? मग झालं.

"आज तिचा दिवस," बाबा म्हणाले.

"कुणाचा?"

"पिगीचा. आणखी कुणाचा?"

आमच्या भाषेत झऱ्याला पिगी म्हणतात. आणि या देवळातल्या मातेवरून मुलीला ते नाव ठेवतात. आज अशा सगळ्या मुलींचा नावाचा दिवस. माझ्या बहिणीचं नाव पिगी. बाल्टिमोरच्या लोकांना ते जमेना, त्यांनी पेगी केलं, तिनं पाकिटावर पेगी लिहिलं, आणि आम्हीही हळूहळू तेच म्हणायला लागलो. माझ्या मुलांनी दुसरं कुठलं नाव ऐकलेलंच नाही.

मी विचारलं, "बाबा, बाप्तिस्म्याच्या दिवशी तुम्ही ते कुणाला म्हणालात?"

"काय कुणाला?"

"कोस्मा म्हणालात ना? कोस्मा कोण?"

"मी कोण आहे?"

"कोस्मास दोन आहेत, बाबा!"

"डोळे मिटल्यावर एकच असतो," ते म्हणाले. मग बाटली पाण्यात बुडवून सांगू लागले. "तिच्या लग्नात मी दोन ओळी म्हटल्या. माणूस मला पसंत नव्हता. झरा काय, येईल त्या शेळीला तोंड लावू देतो, असं काहीतरी. तिच्या नावावर. छान बसली होती ओळ. लोक हसले. बायका तेव्हा टेबलावर उत्तर द्यायच्या नाहीत, तिनंही दिलं नाही. मुंडावळ्यासुद्धा धड न सोडता बोटीवर चढली."

'छान बसली होती' हे शब्द मी त्यांच्या तोंडून आधीही ऐकले होते.

"मग पोराला का नाही सांगितलं? आठ महिने झाले! तो तिकडे स्वतःला खातोय. त्याला वाटतं, तुम्ही सगळ्यांसमोर त्याला घर बुडवणारा म्हणालात."

"टेबलावरची ओळ फोडून सांगत नाहीत."

"अहो बाबा, आग लागो तुमच्या टेबलाला!"

ते रागावले नाहीत. बाटलीचं बूच लावत म्हणाले, "तसं नाही पोरी. तो बरोबर बोलला."

"काय बरोबर बोलला?"

"त्यानं विचारलं, कुठला झरा, केव्हा, कसा आटवला. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी आपला गातोय. गाताना रडू येतं, रडलं की वाटतं सगळं सांगून झालं. लोक मान डोलावतात, पेला भरतात. त्या पोरानं उभं राहून विचारलं तेव्हा मला सांगावं लागलं असतं. सरळ शब्दांत. माझ्या मुलीला मी काय म्हटलं ते. म्हणून उठून गेलो."

"म्हणून गात नाही तुम्ही?"

"उत्तर त्याचं नाही अडलेलं. माझं अडलंय."

"मग द्या ना! आत्ता फोन लावते."

"गद्यात?" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला. "गद्यात मला जमत नाही गं."

त्यांना धरून धरून वर आणलं. ती बाटली आता त्यांच्या उशाशी आहे.

घर झोपलंय आणि मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे, कारण मला ठरवता येत नाहीये. कोस्मासला सांगितलं, तर घर बुडवल्याचा आळ त्याच्यावरून उतरेल. पण त्याच वेळी त्याला हेही कळेल, की एक म्हातारा माणूस डोळे मिटून स्वतःशी आपलं पाप बोलत होता आणि हा उठून त्याच्याकडे पुरावे मागत होता. माझं पोर कसं आहे ते मला माहीत आहे. आळ उतरला हे तो ऐकणारच नाही. त्याला ते दुसरंच ऐकू येईल. आणि ज्याचं सगळं शिक्षण नावं कशी लावली जातात, शब्दाला माणसं कशी फसतात याच्याभोवती, तो भर टेबलावर आपल्याच नावाला फसला, आपल्याच मावशीचं नाव त्याला ओळखू आलं नाही. प्रबंध सोमवारी सोडायचा तो रविवारीच सोडेल.

आणि नाही सांगितलं, तर सोमवार येतोच आहे.

पण बाबा म्हणाले ते मला सारखं आठवतंय. तो बरोबर बोलला. त्याच्या प्रश्नानं एका माणसाला चार दशकांच्या रडण्यातून उठवून बसवलं, आणि हे त्या माणसानं स्वतः कबूल केलंय, झऱ्याकाठी बसून, एकाही यमकाशिवाय. बाबांना वाटतं त्यांना गद्यात जमत नाही. आज सकाळी जमलं की. त्यांना ते कळलंही नाही. हे माझ्या मुलाला कळायला हवं. तो ते कुठल्या प्रकरणात घालणार, घालणार की नाही, ते त्याचं त्यानं बघावं. पण उभं राहून विचारलं म्हणून कुणी तरी उत्तर देतं, हे कळल्याशिवाय त्यानं हॉटेलच्या खुर्चीवर जाऊन बसू नये.

तो जागा असेल. हल्ली याच वेळी जागा असतो.

पहिलं वाक्य ठरवलंय. विचारणार आहे, तुझ्या मावशीचं खरं नाव काय? तो म्हणेल, पेगी. मी म्हणेन, नाही. मग त्यानं 'नाही कसं?' म्हटलं, तर मी सगळं सांगेन, हळूहळू, पाहिजे तेवढे वाद घालू देऊन. आणि जर तो 'बरं, आई' म्हणाला, तर फोन तसाच चालू ठेवून मागच्या खोलीत जाईन, बाबांना उठवीन आणि त्यांच्या कानाला लावीन. मग त्यांना जमो, न जमो.

नंबर लावते.